तुझ्या डावीकडची जागा

नांदेड, शुक्रवार, १३ मे १९८३, दुपार

सौदामिनी,

मायना तू मनातल्या मनात घालून घे. मी रागावलेलो आहे, आणि रागात मला 'सप्रेम' लिहिता येत नाही, खोटं होतं.

तुझं पत्र काल आलं. चार ओळी. अक्षय तृतीयेला, म्हणजे परवा रविवारी, लातूरला बसवजयंतीचा कार्यक्रम आहे, त्यात गाणार आहेस. शाळेत कायम करायचं म्हणतात, महिनाअखेरीस हो की नाही ते सांगायचंय. 'कार्यक्रम झाल्यावर ठरवू.' खाली सही. संपलं. शाळेला सुट्टी लागली, पोरी आपापल्या घरी गेल्या, मामाच्या गावाला गेल्या, आणि संगीताच्या बाई मात्र लातुरातच. मी इथं गल्लीभर सांगून बसलोय की एका वर्षापुरती गेली आहे, उन्हाळ्यात परत येणार. आता त्यांना काय सांगू? ठरवू म्हणून?

आणि पेटीवर कोण, ते लिहिलं नाहीस. लग्न झाल्यापासून तू जिथं गायलीस तिथं पेटीवर मी. लोक म्हणायचे, रेणुकादासची पेटी आणि सौदामिनीचा गळा, एकाच देठाला दोन आंबे. आता तू त्याबद्दल अक्षर लिहीत नाहीस. तू लिहिलं नाहीस म्हणजे मला कळणार नाही, असं वाटलं का? मलप्पा आहे की. तबला वाजवणाऱ्याच्या पोटात काही राहत नाही.

आज सकाळी वकिलांच्या नातवाची मुंज होती. तिथं तबला ठोकून सुरात आणता आणता मलप्पा म्हणाला, "मास्तर, वैनी काय गायल्या वो उदगीरला! लोकं उठंनात. आन पेटीवर त्यो पंचाक्षरी. लई ग्वाड हात हाय पोराचा. वाजवतो का न्हाई तेच कळत न्हाई."

मी विचारलं, कोण पंचाक्षरी? तर उदगीरच्या डाळमिलवाल्याचा धाकटा. शिकलेला. उंच आहे म्हणे. लग्न व्हायचंय.

वाजवतो का नाही तेच कळत नाही! हे कौतुक झालं का? मी वाजवतो तेव्हा कळतं. गल्लीच्या टोकाला कळतं. पेटीवाल्यानं पेटी वाजवली हे लोकांना कळू नये, तर मग त्यानं घरी डाळ का निवडू नये?

मुंजीत बायकांनी विचारलं, वहिनी कुठंयत? मी म्हणालो, गळा बसलाय. मग वकिलीणबाईंनी ज्येष्ठमधाची पुडी बांधून दिली तुझ्यासाठी. ती माझ्या खिशात आहे, आणि मला तिचा राग येऊन राहिलाय.

लातूरचं तर बोलूच नकोस. कालपरवापर्यंत तालुका. उस्मानाबादच्या पदराआड उभं होतं. जिल्हा झाला आणि लगेच ताठ झालं, कलेक्टर तिथं, मोठे साहेब तिथं, नव्या पाट्या, नव्या शाळा, आणि माझी बायको पण तिथं. आमच्या नांदेडला गोदावरी आहे. गोदावरीत सध्या म्हशीला बसण्यापुरतं पाणी आहे, ती गोष्ट वेगळी. पण लातूरला तेवढंही नाही.

मी तुला 'जा' म्हणालो होतो, कबूल. पण नवरा 'जा' म्हणाला तर बायको निदान एकदा दारात थांबते. तू यष्टीचं वेळापत्रक विचारलंस.

आता संध्याकाळी डॉक्टरांकडं भावगीतं आहेत. उद्या सकाळी भोकरला लग्न, संध्याकाळी लोह्याला कीर्तन, परवा लोह्यातच दोन लग्नं. अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरून सगळ्या मराठवाड्यानं एकदमच पोरी उजवायला काढल्यात. मला बोलावणारे पुष्कळ आहेत, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. दुसरं काही कारण नाही.

रेणुकादास


भोकर, शनिवार, जेवणाची वेळ

सौदामिनी,

मांडवाच्या मागं लिंबाखाली बसून लिहितोय. पंगत चालू आहे. मी जेवलो नाही, भूक नाही. तुला काळजी वाटावी म्हणून नाही सांगत, खरंच नाही.

काल डॉक्टरांकडचं बरं झालं. म्हणजे झालं. गाणारी त्यांची सूनच होती. गळा गोड आहे, पण ताल असा की कालव्यात सोडलेली चप्पल. दर कडव्याला मी तिला पकडून आणायचो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सौदामिनीबाई असत्या तर मजा आली असती." मी हसलो. पेटीवाल्याला हसावं लागतं.

आता इथली गंमत ऐक. नवऱ्या मुलाचे पाय धुवायची वेळ झाली, तर मुलीच्या बापानं फुलपात्रभर पाणी आणलं आणि दोन्ही अंगठ्यांवर थेंब थेंब सोडलं. वरमाय फुगली. म्हणाली, "आमच्या लेकाच्या टाचा कोरड्याच ठेवणार का?" तो बिचारा हात जोडून म्हणाला, "विहीणबाई, टाचा धुतो. पण मग पंगतीला वरण तेवढं पातळ व्हायचं न्हाई. काय करू, तुमीच सांगा." सगळे हसले, विहीणबाई पण हसल्या, आणि टाचा तशाच राहिल्या. पत्रिकेतच छापलं होतं, पाहुण्यांनी येताना पाण्याचा तांब्या सोबत आणावा म्हणून. असं लग्न आपल्या बापजाद्यांनी पाहिलं नसेल. मला वाटलं, हे तुला सांगावं. घरी गेलो की सांगायला कोणी नसतं.

बरं. मुद्द्याचं.

येताना यष्टीत मलप्पा परत सुरू झाला. मी विचारलं नव्हतं. म्हणजे एकदाच विचारलं. लातूरहून उदगीरला तुझ्या वहिनी कशा आल्या होत्या? तर म्हणतो, "पंचाक्षरीच्या राजदूतवर. यष्टी कुटं टायमाला हाय वो तिकडं."

राजदूतवर! मोटारसायकलीवर, मागं बसून! हात कुठं ठेवलेस? सीटला मागं लोखंडी कडी असते, तिला धरलंस ना? मी मलप्पाला विचारलं तर तो म्हणाला, "मास्तर, मी काय मागनं पळत येत होतो का?"

तू माझ्या सायकलवर बसायला लाजायचीस. रेल्वे स्टेशनपर्यंत सोडतो म्हटलं तर रिक्षा करायचीस. लोक काय म्हणतील! लातूरला लोक नाहीत का?

आणि म्हणे तू आता कानडी वचनं गातेस, म्हणजे त्यांचे अभंगच. पंचाक्षरी शिकवतो. तो एकेक शब्द म्हणून दाखवतो आणि तू त्याच्या मागून म्हणतेस. हे ऐकल्यावर मी मलप्पाला गप्प बस म्हणालो. माझ्या मागून तू कधी काही म्हटलं नाहीस. लग्नातलं नावसुद्धा तू आधी घेतलंस. मीच कायम तुझ्या मागून. तू सुरांची एक जागा घ्यायचीस, मी ती उचलून पेटीवर परत मांडायचो, तू पुढं गेलेली असायचीस. तोच माझा धंदा. मी कधी कुरकुर केली? मग त्याच्या मागून जायची हौस तुला कुठून आली?

मी कोणत्या अर्थानं विचारतोय ते तुला कळतंय. मला ते सरळ विचारता येत नाही. आणि विचारलंच, तर तू जे बघशील माझ्याकडं, ते मला सोसायचं नाही.

मलप्पा म्हणतो, "मास्तर, तुमी उगं जीव जाळून राहिलात. त्यो साधा पोरगा हाय." साधी पोरंच वाईट. लबाड माणूस ओळखू तरी येतो.

पंगत उठली. आता आभाराची दोन गाणी वाजवायची आणि लोह्याची गाडी पकडायची.

रे.


लोहा, रविवार, सकाळ, अक्षय तृतीया

सौदामिनी,

आज सण आहे म्हणून चांगलं लिहावं असं ठरवलं होतं. पण काल जे झालं ते आधी सांगतो. मलप्पा आज तुला भेटणारच आहे, तो तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐक.

कीर्तन मार्तंडबुवांचं. तुला माहीत आहेत ते, मोठा आवाज, मोठं पोट, गायची पट्टी काळी एक. त्यांना मी कित्येकदा साथ केली आहे. देवळासमोर मांडव, पाऊस पडावा म्हणून गावानं कीर्तन ठेवलेलं, माणूस खच्चून भरलेला. बुवा उभे राहिले, चिपळ्या सरसावल्या, मला म्हणाले, "द्या सूर." मी दिला. बुवांनी डोळे मिटून नमनाला तोंड उघडलं, आणि त्यांचा आवाज जो वर चढला तो अर्ध्यातच फाटला. खोकले. परत धरलं. परत फाटला. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. मी आपला सूर भरून राहिलोय, मनात म्हणतोय, आज बुवांना झालंय काय?

शेवटी ते माझ्याकडं वळले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो रेणुकादास, मला बाई करताय का?"

मी खाली पाहिलं. काळी चार धरून बसलो होतो. तुझी पट्टी. बोटं आपली आपण तिथं जाऊन बसली होती, मला विचारायला आली नव्हती.

मांडव हसून हसून लोळला. पहिल्या वर्षाचा शिकाऊ अशी चूक करत नाही, सौदामिनी. माणूस समोर उभा आहे, त्याला मिशा आहेत, आणि मी त्याला बायकोचा सूर देतो! मलप्पा माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, ह्या वैनी न्हाईत." त्यानं चेष्टा केली असती तर मी त्याला एक हाणली असती. पण त्यानं चेष्टा केली नाही, म्हणून मला जास्तच लागलं.

माझी लाज देवानं झाकली म्हण. बुवांनी आख्यान लावलं होतं भगीरथाचं. भगीरथ तप करतोय, गंगा काही उतरत नाही, बुवा हात वर करून टाहो फोडतायत, 'ये माते, ये!' आणि मागून टँकरचा भोंगा. काय सांगू तुला! मांडव उठला. बायका उठल्या, बाप्ये उठले, पोरं खांबावरून खाली आली, ज्यानं बुवांना हार घातला होता तो सरपंच हारासकट पळाला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर समोर नुसत्या सतरंज्या. उरलो आम्ही तिघं आणि देव. बुवा खाली बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "चला, आली गंगा. मलप्पा, माझा तांब्या घेऊन जा बरं तू पण."

तू असतीस तर हसून तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं असतं. मी हसलो, आणि मग हसू कुठं ठेवावं ते कळेना.

आता आजचं. सकाळचं लग्न लागलं की दुपारच्या लग्नाला मी नाही. इथल्या शाळेचे एक गुरुजी आहेत, बरी वाजवतात, त्यांना बसायला सांगितलंय. मलप्पा दुपारच्या गाडीनं लातूरला निघेल, तुझ्या कार्यक्रमाला तबला त्याचाच. मी काही येत नाही. बोलावलं नाही तिथं जायची आमच्या घराण्यात रीत नाही.

मलप्पाला गाडीत दोन जागा धरायला सांगितल्यात, ते पेटीसाठी. पेटीचा भाता जरा फुसफुस करतोय आणि लातुरात एक चांगला कारागीर आहे असं ऐकलंय. रविवारी, सणाच्या दिवशी, त्याचं दुकान उघडं असतं की नाही, हे मलप्पानं विचारलं नाही. शहाणा आहे.

पंचाक्षरीचा हात आज... नको. सणाच्या दिवशी कोणाचं वाईट लिहू नये. एवढंच लिहितो, की त्याला आज ताप आला तर मला वाईट वाटणार नाही.


लातूर, यष्टी स्टँड, सोमवार, सकाळ

सौदामिनी,

लोह्याचं पत्र मी टाकलंच नाही. तेही ह्यासोबत पाठवतोय. आधी ते वाच, मग हे.

काल जे झालं ते तू व्यासपीठावरून पाहिलंस. आता माझ्या बाजूनं ऐक. काल तू मला एक प्रश्न विचारलास, त्याचं उत्तर राहिलंय. ते लिहायला बसलोय. नांदेडची एक गाडी गेली. जाऊ दे.

मी का आलो होतो ते आधी सांगतो. न्यायला. यष्टीत सगळा वेळ मी तेच घोकत होतो. कार्यक्रम होईल, मी समोर जाईन, चारचौघांत म्हणेन, चल, उद्या सकाळची गाडी आहे. कायम-बियम काही नको. तू नाही म्हणू शकणार नाहीस, कारण लोक बघत असतील. असा डाव होता. चांगला नव्हता, पण होता.

गोलाईच्या बाजाराजवळ, मांडवाशी उतरलो, पेटी खांद्यावर. लातूर म्हणजे निव्वळ धुरळा, आणि धुरळ्यात नव्या पाट्या चमकून राहिलेल्या. शिवमूर्तीअप्पा दारात उभे होते. कार्यक्रम त्यांनीच ठरवलेला, तेव्हा मी नाव सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. "सौदामिनीबाईंचे मालक? शरणु, शरणु! या की आत, असं बाहेर काय थांबलात?" मालक! मला ते ऐकून फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

तू तानपुरा लावत होतीस. मला पाहिलंस. मी नीट बघत होतो, आनंद होतो का. झाला असेलही, पण त्याच्या आधी धसका आला, तो मी पाहिला.

आणि तो उठला. पंचाक्षरी. उंच आहेच. तुझ्या डाव्या हाताला बसलेला, माझ्या जागेवर, तो उठून सरळ खाली उतरला, माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "सर, तुम्ही आलात. आता तुम्हीच बसायचं." वडीलधारा साथीदार आला की धाकट्यानं जागा सोडायची, ही आपल्यात रीतच आहे. मीही तरुणपणी सोडल्यात. पण सोडताना पोटात दुखायचं. त्याच्या तोंडावर दुखलेलं काही दिसेना. मी शोधलं, बरं का. बराच वेळ शोधलं.

एखाद्या शहाण्या माणसानं म्हटलं असतं, नाही बाळ, तूच बस. मी बसलो. माझी पेटी काढली, काळी चारला सूर भरला, आणि मनात म्हणालो, आता बघ म्हणावं, जागा कोणाची आहे ते.

पहिला अभंग ठीक गेला. तो आपला जुना होता, मला त्याचा खड्डान्‌खड्डा ठाऊक. मी अशी भरून साथ केली की मलप्पानं सुद्धा एकदा मान हलवली. मग तू कानडी वचन धरलंस.

सौदामिनी, मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. शब्द कुठं सुरू होतो, कुठं मोडतो, काही नाही. गाणारा श्वास घ्यायला थांबला की पेटीनं जागा भरायची, हे मला झोपेत येतं. पण तू थांबायचीस ती श्वासासाठी नव्हे, शब्दासाठी. अर्धा शब्द म्हणून तू जरा थबकायचीस, उरलेला अर्धा लोकांनी मनात म्हणावा म्हणून, आणि त्या मधल्या जागेत मी पेटी घेऊन घुसायचो. मला वाटलं मी भरतोय. मी शब्दाचे तुकडे करत होतो. पुढं बसलेल्या लोकांना ती वचनं तोंडपाठ. त्यांचे ओठ हलत होते, आणि मी घुसलो की थांबत होते. एक म्हातारी तर उघडच म्हणाली, "अय्यो शिवा, ती पेटी!"

तू सांभाळून घेतलंस. एकदा सांभाळलंस, दोनदा सांभाळलंस. माझ्याकडं रागानं बघितलं असतंस तर मी वाजवत राहिलो असतो, रागाला मी भीत नाही. पण तू मला सोपं जावं म्हणून वचन सपाट करायला लागलीस. थांबणंच सोडून दिलंस. एवढ्या लोकांपुढं तू माझ्यासाठी वाईट गायला लागलीस. ते माझ्यानं बघवेना. मी भाता मिटला.

तू क्षणभर चमकलीस. मग पेटीशिवायच गायलीस, नुसता तानपुरा आणि मलप्पाचा ठेका. आणि परत थांबायला लागलीस, आणि लोकांचे ओठ परत हलायला लागले.

वचन संपल्यावर मी उठलो आणि पंचाक्षरीला म्हणालो, "बसा." तो नको नको करायला लागला. मी म्हणालो, "बस रे बाबा, माझी पेटी घे हवं तर, पण बस." आणि खाली येऊन लोकांत बसलो. ह्याला तू मोठं मन म्हणू नकोस. त्या वेळी माझ्या मनात काय काय चाललं होतं ते इथं लिहिलं तर पोस्टात कागद जळेल.

त्यानं वाजवलं. म्हणजे वाजवलं नाही. मलप्पा म्हणाला होता ते खरंच आहे. तू थांबलीस की तोही थांबतो. मला पहिल्यांदा वाटलं, ह्याला येत नाही. मग कळलं, येतं, आणि तरी वाजवत नाही. माझ्या पोटात जो विस्तव पडला ना, तो मोटारसायकलीचा नव्हता. मोटारसायकल त्याच्यापुढं काहीच नाही. मला हे असं थांबता येत नाही आणि ह्या पोराला येतं, त्याचा होता.

कार्यक्रम झाल्यावर तू गर्दीतून माझ्याकडं आलीस आणि पहिल्यांदा विचारलंस, "जेवलात का?"

मी म्हणालो, "कसं होतं माझं?"

तू म्हणालीस, "खरं सांगू? तुम्ही माझ्याआधी पोचत होतात."

"आणि तो?"

"तो वाट बघतो."

"कधीपासून?" मी म्हणालो.

काय चिडलीस! "गाण्यात हो! गाण्यात वाट बघतो! तुमचं डोकं कुठं असतं?" शिवमूर्तीअप्पा पुरणपोळीचं ताट घेऊन येत होते, ते तसेच मागं फिरले.

मग तू आवाज खाली आणलास आणि म्हणालीस, "एवढंच विचारायला आलात का?"

मी म्हणालो, "न्यायला आलो होतो."

"होतो?"

तेवढ्यात बायकांनी तुला ओढून नेलं. तुझ्या खोलीवर येववेना, रात्री अप्पांकडं झोपलो. म्हणजे पडलो होतो.

आता उत्तर. खाली लोकांत बसलो तेव्हा एक गोष्ट झाली. मी तुला पहिल्यांदा समोरून गाताना पाहिलं. हसू नकोस. पेटीवाला बाजूला बसतो, त्याची नजर पट्ट्यांवर. तुला दाखवायला आणलं तेव्हासुद्धा तुझ्या वडिलांनी 'मुलगी गाते' म्हटल्यावर मीच आगाऊपणानं पेटी ओढून घेतली होती आणि बाजूला बसलो होतो. इतक्या वर्षांत मी तुझा डावा कान पाहिला, कुडी पाहिली, पदराचं टोक पाहिलं. आणि मला पक्कं ठाऊक होतं की तू डोळे मिटून गातेस. कारण मी मान वर करायचो ती तू श्वास घेताना, आणि श्वास घेताना तू डोळे मिटतेस. गाताना नाही मिटत! गाताना तू एकेका माणसाकडं बघतेस, सरळ, उघड्या डोळ्यांनी, जसं काही त्या एकट्यालाच सांगायचंय. हे सगळ्या गावांना ठाऊक आहे, भोकरला, लोह्याला, उदगीरला, जिथं जिथं तू गायलीस तिथल्या पानवाल्यालासुद्धा ठाऊक आहे, आणि मलाच नाही.

एकदा तुझे डोळे माझ्यापाशी आले. ती ओळ संपेपर्यंत थांबले. मग शेजारच्या फेटेवाल्याकडं गेले, आणि त्याच्यापाशीही तेवढेच थांबले. तो कोण होता गं? नाही, असंच विचारतो.

तर ऐक. नांदेडला चल, असं मी म्हणणार होतो. ते आता म्हणत नाही. तू इथं बरी दिसतेस. हे लिहिताना माझा हात दुखतो, पण दिसतेस. शाळेत हो सांगून टाक, कायम हो.

मी इथं येऊ का? इथंही मुंजी होतातच, लोकांची लग्नं लागतातच, आणि नव्या जिल्ह्याच्या साहेबांच्या बायकांना गाणं शिकायची हौस असणारच. पाणी नाही, पण ते नांदेडलाही नाही. तुझ्या कार्यक्रमांना त्या पोरालाच बसव. मी समोर बसेन, पहिल्या रांगेत नको, तिसऱ्या. मला जळायला होणार, ते मी आत्ताच सांगून ठेवतो. ते जाणार नाही. रोज जळेन आणि रोज ऐकायला येईन. कानडी शिकेन, पण त्याच्याकडून नाही, शिवमूर्तीअप्पांकडून. आणि राजदूतवर तू बसायचं नाही. यष्टी उशिरा येते तर येऊ दे, मी पण येईन सोबत, दोघं वाट बघू.

ह्यातलं तुला काय पटतं आणि काय नाही, मला ठाऊक नाही. माझ्याशिवाय तुझं बरं चाललंय, हे मी काल डोळ्यांनी पाहिलं. म्हणून तर विचारतोय, नाहीतर हुकूम सोडला असता.

उत्तर धाड. 'या' म्हणणार असशील तर उघडं कार्ड चालेल. 'नका' म्हणणार असशील तर पाकिटात घाल आणि नीट चिकटव. आमच्या गल्लीचा पोस्टमन कार्ड वाचत वाचत येतो.

तुझा
रेणुकादास